कच्च्या कामाची वही

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, त्याची कडू चव जिभेला लावतो आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळतो. दिवाळी अंकाच्या वाचकापुढे एका गणितज्ञाचे आत्मकथन ठेवताना मला त्या कारिटाची आठवण झाली. गणित म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर शाळेतली जुनी कडू चव परत येते. तरीही मी हे पुस्तक निवडले आहे, कारण ते वाचून संपविल्यावर माझ्या तोंडात राहिलेली चव कडू नव्हती. ती नेमकी कसली होती, हे सांगण्याचा प्रयत्न या लेखात करावयाचा आहे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी आपल्या शाळेतल्या गणिताच्या वहीचे एक पान आठवून पाहावे. पानाच्या उजव्या अंगाला एक उभी रेघ मारलेली असे आणि त्या रेघेपलीकडच्या अरुंद पट्टीवर लिहिलेले असे : ‘कच्चे काम’. गुणाकार, भागाकार, हातचे, खाडाखोड, सारे त्या पट्टीत कोंबायचे आणि रेघेच्या अलीकडे सुवाच्य अक्षरात फक्त पायऱ्या आणि उत्तर उतरवायचे. आमचे गुरुजी तर कच्चे काम शिसपेनीने करावयास लावीत आणि वही तपासावयास देण्यापूर्वी ते रबराने पुसून टाकावयास सांगत. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना वही स्वच्छ हवी होती. पण त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक मुलाची अशी समजूत होई की, खाडाखोड फक्त आपल्याच वहीत होते, हुशार मुलाच्या वहीत उत्तर आपोआप उमटते. ती समजूत पुष्कळांच्या मनातून जन्मभर गेली नाही.

गणितज्ञांच्या ज्या कथा आपल्या घरांतून सांगितल्या जातात, त्याही या समजुतीला खतपाणी घालणाऱ्याच आहेत. भास्कराचार्य म्हटले की आपल्याला लीलावतीची गोष्ट आठवते : घटिकापात्रात वाकून पाहणारी ती मुलगी, तिच्या अलंकारातून गळून पात्राच्या छिद्रात अडकलेला तो मोती आणि टळून गेलेला मुहूर्त. ही दंतकथा ‘लीलावती’च्या सोळाव्या शतकातल्या फारसी भाषांतरापासून सांगितली जाते. ती हृद्य आहे, पण त्या ग्रंथातले गणित सुचताना भास्कराचार्य कुठे अडले आणि कुठे चुकले, याचा तिच्यात मागमूस नाही. श्रीनिवास रामानुजन यांची कथाही आपण अशीच सांगतो. कुलदेवता स्वप्नात येते, केंब्रिजहून बोलावणे येते आणि 1920 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू येतो. खरी गोष्ट अशी की, कागद परवडत नसल्यामुळे रामानुजन पाटीवर गणित करीत, कोपराने पुसून टाकीत आणि वहीत केवळ निष्कर्ष उतरवून ठेवीत. त्यांच्या वह्यांतल्या निष्कर्षांच्या सिद्धता लिहून काढण्यात पुढच्या गणितज्ञांची कित्येक वर्षे गेली. गरिबीने पुसलेल्या त्या कच्च्या कामाच्या जागी आपण चमत्कार लिहिला.

प्रस्तुत पुस्तकाचे मोल मला वाटते ते या पार्श्वभूमीवर. सेद्रिक व्हिलानी या फ्रेंच गणितज्ञाचे ‘तेओरेम व्हिव्हाँ’, म्हणजे ‘जिवंत प्रमेय’, हे पुस्तक पॅरिसच्या ग्रासे या प्रकाशनसंस्थेने 2012 साली काढले. माल्कम डिबव्हॉइज याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ‘बर्थ ऑफ अ थिअरम’ या नावाने 2015 साली आले. ज्यांना माझ्यासारखी फ्रेंच येत नाही, त्यांना ते या भाषांतरातूनच वाचावे लागते. एका प्रमेयाच्या जन्माची ही रोजनिशी आहे. तिला आत्मचरित्र म्हणवत नाही, कारण तिच्यात बालपण नाही, वंशावळ नाही, शाळेतली बक्षिसे नाहीत. 2008 ते 2010 या अवघ्या अडीच वर्षांची ही कहाणी आहे. पण माणसाची ओळख पटण्यास कधी कधी अडीच वर्षेही पुरतात.

व्हिलानीचा जन्म 1973 चा. पिएर-लुई लिआँस या नामांकित गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्याने 1998 साली डॉक्टरेट मिळविली आणि पुढे तो लियाँ येथील एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत प्राध्यापक झाला. लांब केस, गळ्यात रेशमी गळपट्टा आणि कोटावर कोळ्याच्या आकाराचे पिन, असा त्याचा वेष. तो पाहणाऱ्याला वाटावे की हा नाटक कंपनीतला कोणी नट असेल. हा थाट कित्येकांना खटकतो. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मलाही खटकला. पण वेषावरून माणूस ओळखू नये हे जसे खरे, तसेच वेषावरून पुस्तकही ओळखू नये.

कहाणीची सुरुवात 23 मार्च 2008 रोजी, रविवारी दुपारी, लियाँमध्ये होते. व्हिलानीच्या खोलीत क्लेमाँ मुओ बसला आहे. हा मुओ 1978 साली जन्मलेला, म्हणजे वयाने पाच वर्षांनी लहान, आणि व्हिलानीच्याच हाताखाली डॉक्टर झालेला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर एका घराण्यातले गुरू आणि शिष्य गप्पा मारीत बसले आहेत. गप्पा चालल्या आहेत वायूंच्या गतीविषयी, बोल्ट्झमनच्या समीकरणाविषयी. बोलता बोलता विषय निघतो ‘लॅन्डाव डॅम्पिंग’चा. दोघांनाही त्यातले फारसे ठाऊक नाही. आणि बहुधा म्हणूनच तो विषय त्यांना धरून ठेवतो.

हे लॅन्डाव डॅम्पिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. एका गोल मैदानाची कल्पना करा. शंभर मुले एकाच जागी घोळका करून उभी आहेत. शिटी वाजताच सारी त्या वर्तुळावरून धावू लागतात, पण प्रत्येकाचा वेग निराळा. पहिल्या फेरीत घोळका ओळखू येतो, दुसरीत विरळ होतो आणि दहाव्या फेरीपर्यंत मुले मैदानभर अशी सारखी पसरतात की, येथे कधी घोळका होता याची खूणही उरत नाही. कोणी कोणाला धक्का मारला नाही, कोणी दमले नाही, तरी घोळका नाहीसा झाला. विद्युत्‌भारित वायूमध्ये, ज्याला प्लाझ्मा म्हणतात त्यामध्ये, उठलेली लहानशी लाट कणांची टक्कर न होताही अशीच विरून जाईल, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह लॅन्डाव याने 1946 साली गणिताने दाखविले. पण ते दाखविताना त्याने समीकरण सोपे करून घेतले होते. कण एकमेकांवर जो सूक्ष्म परिणाम सतत करीत असतात, त्यातला काही भाग त्याने क्षुल्लक म्हणून सोडून दिला होता. आमच्या मैदानातली मुले जाता जाता एकमेकांना किंचित ओढतात, किंचित ढकलतात. हे किंचित ओढणे-ढकलणे फार काळ साठत गेले, तर विरलेला घोळका पुन्हा जमू लागणार नाही कशावरून? प्लाझ्मात विरलेली लाट ‘प्रतिध्वनी’सारखी परत येऊ शकते, हे प्रयोगांनी 1960 च्या दशकातच दिसून आले होते. तेव्हा संपूर्ण समीकरण घेतले, तर लॅन्डावचे म्हणणे टिकते की नाही? व्हिलानी आणि मुओ यांनी उचललेला प्रश्न तो हा.

आणि येथून पुस्तकाचे खरे कच्चे काम सुरू होते. दोघांनी एकमेकांना लिहिलेली ईमेलची पत्रे लेखकाने जशीच्या तशी छापली आहेत. ती वाचणे हा एक विलक्षण अनुभव आहे. त्यांत सभ्य लेखनाची कसलीही बूज नाही. अर्धी वाक्ये, सूत्रे, उद्गारचिन्हे, मध्यरात्रीच्या वेळा, ‘सापडले’ असा जयघोष आणि दुसऱ्या दिवशी ‘चुकले’ अशी कबुली. एकाने बांधलेली भिंत दुसरा पाडतो आणि पाडल्याबद्दल पहिला त्याचे आभार मानतो. कधी व्हिलानीचा धीर सुटतो तेव्हा मुओ दोर धरून असतो, कधी मुओ हताश होतो तेव्हा व्हिलानी त्याला सावरतो. कोण गुरू आणि कोण शिष्य, हा भेद काही पानांनंतर वाचकाला उरत नाही. घराण्यातला जुना गवई आपल्या शिष्याला मैफलीत मागे बसवितो, एखादी तान त्याच्याकडून घेतो, हे आपण पाहिलेले आहे. पण शिष्याने भर मैफलीत ‘बुवा, सूर लागला नाही’ म्हणावे आणि बुवांनी तंबोरा खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, असा प्रसंग क्वचित. या पुस्तकात तो दर दहा पानांनी घडतो.

2009 च्या जानेवारीत व्हिलानी बायकामुलांसह अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत सहा महिन्यांसाठी जातो. मुओ इकडे युरोपात. मध्ये अटलांटिक महासागर आणि घड्याळाचे सहा तास. प्रिन्स्टनच्या हिवाळ्यातली ही पाने पुस्तकातली सर्वांत चांगली पाने आहेत. मुलाला झोपविताना गोष्ट सांगायची, घर निजल्यावर चहाचा पेला घेऊन कागदांपुढे बसायचे, मनासारखा पाव आणि चीज मिळत नाही म्हणून कुरकुरायचे आणि पहाटे अंथरुणावर पडायचे, असा दिवसक्रम. सिद्धता पुरी होण्याआधीच तो तिच्यावर व्याख्यान देऊन बसतो आणि मग त्याला कळते की सिद्धतेला भोक आहे. आता माघार घेतली तर नाचक्की, आणि भोक बुजविण्याची युक्ती तर सुचत नाही. अशा मनःस्थितीत एप्रिलमधल्या एका सकाळी, रात्रभराच्या धडपडीनंतर अर्धवट झोपेतून उठत असताना, पुढची पायरी त्याला मनात कोणी बोलून दाखवावी तशी ऐकू येते.

आपल्या जुन्या कथेत हीच जागा देवीच्या दृष्टांताची. परंतु येथे एक महत्त्वाचा फरक आहे. दृष्टांताआधीची शंभर पाने आपण वाचलेली आहेत. या आवाजामागे किती रात्री आहेत, किती रद्द झालेले कागद आहेत, मुओची किती पत्रे आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे हा चमत्कार वाटत नाही. फार दिवस शेत नांगरल्यावर पडलेल्या पावसासारखा तो वाटतो. शिवाय त्या सकाळनंतरही काम संपत नाही. पायरी सुचली तरी ती तपासायची असते, तिच्यातून नवी अडचण निघते, ती पुन्हा सोडवायची असते. लेख तयार होऊन ‘आक्ता मॅथेमॅटिका’ या मान्यवर पत्रिकेकडे जातो आणि संपादक तो परत पाठवितात. व्हिलानी संतापतो, खचतो आणि मग दोघे पुन्हा बसतात. सुधारताना निष्कर्ष पहिल्यापेक्षा बळकट होतो. अखेर त्याच पत्रिकेच्या 2011 च्या अंकात तो लेख छापला गेला. त्याची पाने भरली 173. नकाराने काम बिघडले नाही, सुधारले, हे लेखकाने लपविलेले नाही. लेखक-संपादकांच्या या आपल्या जगातही ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता पुस्तकावरच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. व्हिलानी गणित समजावून देत नाही. लॅन्डाव डॅम्पिंग म्हणजे काय हे मी वर मैदानाच्या दाखल्याने सांगितले, पण पुस्तकात सूत्रांनी भरलेली पानेच्या पाने कसलाही खुलासा न करता येतात. संगणकावर गणित जुळविण्याची जी सांकेतिक भाषा आहे, तिच्यातला मजकूरसुद्धा तसाच छापला आहे. सामान्य वाचकाने याचे काय करायचे? पुष्कळ वाचक रागावले असतील, आणि त्यांचा राग अगदीच गैरवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. ‘तुम्हाला हे कळणार नाही, पण आमची ऐट तरी पाहा’ असा सूर त्या पानांतून कुणाला ऐकू आला, तर त्याला दोष देता येणार नाही.

मीही पहिल्या वाचनात ती पाने उलटून पुढे गेलो. दुसऱ्या वाचनात मात्र माझे मत बदलले. ख्याल ऐकावयास बसलेल्या शंभर श्रोत्यांपैकी रागाचे व्याकरण जाणणारे दहाही नसतात. उरलेल्या नव्वदांना ताल चुकला की नाही हे सांगता येत नाही. पण गवई समेवर आला की त्यांची मान आपोआप हलते. न कळणे म्हणजे न पोचणे नव्हे. गणितज्ञाचे मन बारा बारा तास ज्या भाषेत वावरते, ती भाषा एकदा तरी डोळ्यांनी पाहावी. तिची घनता, तिचा कोरडेपणा, तिच्यातली तीच ती चिन्हे शंभरदा बदलून लिहिण्याची चिकाटी पाहावी. सोपे करून सांगितलेल्या गणितात आपल्याला उत्तर मिळते, श्रम दिसत नाहीत. व्हिलानीने आपल्याला गणित शिकविले नाही हे खरे. त्याने आपल्याला खोलीत बसू दिले. शाळेच्या वहीतली जी पट्टी गुरुजी पुसावयास लावीत, ती त्याने पुस्तकभर उघडी ठेवली. तथापि माझे अर्धे समाधान राहून गेले ते असे की, त्या पानांच्या आगेमागे दोन-चार ओळींचा आधार त्याने द्यावयास हरकत नव्हती. यजमानाने पाहुण्याला खोलीत घेतल्यावर बसावयास पाटही द्यावा.

गणितज्ञाने स्वतःविषयी लिहिलेले पुस्तक म्हटले की, जाणकारांना पहिली आठवण होते ती जी. एच. हार्डी याच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ची. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारा हाच तो हार्डी. त्याचे पुस्तक 1940 चे. निर्मितीचे दिवस सरलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने ते लिहिले आहे. गणित हे तरुणांचे काम आहे, आणि स्वतः गणित करणे थांबल्यावरच माणूस गणिताविषयी लिहू लागतो, असा त्याचा विषादाचा सूर आहे. गद्य म्हणून हार्डीचे पुस्तक श्रेष्ठ आहे, व्हिलानीला ती शैली नाही. हार्डीचे प्रत्येक वाक्य संगमरवरातून कोरल्यासारखे, तर व्हिलानीचे वाक्य धावत्या गाडीतून फेकल्यासारखे. पण हार्डीच्या पुस्तकात पक्के कामच तेवढे आहे. गणित सुंदर का असते ते तो सांगतो. ते घडताना माणूस किती कुरूप अवस्थांतून जातो, ते सांगत नाही. व्हिलानीने पन्नाशी-साठीची वाट पाहिली नाही. हात अजून खडूने माखलेले असतानाच त्याने लिहिले. त्याचे गुण आणि त्याचे दोष दोन्ही यातूनच आले आहेत.

दोषांचीही मोजदाद केली पाहिजे. कहाणी चालू असता मध्येच लेखक थोर गणितज्ञांची छोटी व्यक्तिचित्रे घालतो. बोल्ट्झमन येतो, कोल्मोगोरोव्ह येतो, जॉन नॅश येतो. ही चित्रे घाईची आहेत. दिवाणखान्यात तसबिरी टांगाव्या तशी ती भिंतीवर राहतात, घरातल्या माणसांत मिसळत नाहीत. लियाँतला सहकारी एतिएन गीस सहज बोलून जातो की, हा प्रश्न ग्रहांच्या भ्रमणाच्या गणितासारखा दिसतो, आणि त्या एका वाक्याने कामाची दिशा बदलते. या एका प्रसंगातून गीस जितका जिवंत होतो, तितका डझनभर तसबिरींतून कुणी होत नाही. दुसरा दोष घराचा. पत्नी आणि मुले पुस्तकात आहेत, पण ती चहा आणि पाव यांच्याइतकीच आहेत. एका माणसाने रात्री जागून प्रमेय सिद्ध करावे, म्हणून दुसऱ्या माणसाने दिवसभर काय काय सांभाळले असेल, हा प्रश्न दिवाळीचा फराळ करून थकलेल्या कोणत्याही गृहिणीला सुचेल. लेखकाला तो पुरेसा सुचलेला नाही. कच्च्या कामाची ही एक पट्टी मात्र त्याच्याकडूनही पुसली गेली.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो पुस्तकाच्या शेवटाशी निगडित आहे. गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान म्हणजे फील्ड्स पदक. ते चार वर्षांतून एकदा दिले जाते आणि ज्या वर्षी द्यावयाचे त्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वी ज्याचा चाळिसावा वाढदिवस होऊन गेला, त्याला ते मिळत नाही. व्हिलानीचा चाळिसावा वाढदिवस ऑक्टोबर 2013 मध्ये येणार होता. म्हणजे 2010 चे पदक हुकले की संपले. ही टांगती तलवार पुस्तकभर लटकत राहते. फेब्रुवारी 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय गणित संघाचे अध्यक्ष लास्लो लोवास यांचा दूरध्वनी येतो आणि पदकाची वार्ता कळते. कित्येक महिने ती गुप्त ठेवावयाची असते. मग कहाणी भारतात येते. ऑगस्ट 2010 मध्ये हैदराबाद येथे जागतिक गणित परिषद भरली. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते चार जणांना फील्ड्स पदके दिली गेली. एलोन लिंडेनस्ट्राउस, न्गो बाओ चाऊ आणि स्तानिस्लाव स्मिर्नोव्ह यांच्याबरोबर चौथा सेद्रिक व्हिलानी. आपल्या खानदेशातल्या एका कन्येच्या हातून हे पदक या कहाणीच्या नायकाला मिळाले, हे वाचून आपल्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. मलाही झाला.

पण आनंद ओसरल्यावर मनात प्रश्न उभा राहिला : मुओ कुठे आहे? मानपत्रात व्हिलानीच्या दोन कामांचा उल्लेख होता, लॅन्डाव डॅम्पिंग आणि बोल्ट्झमनचे समीकरण. तेव्हा पदक केवळ या एका प्रमेयासाठी नव्हते, आणि पदक वाटून घेण्याची सोय त्याच्या नियमांत नाही. यात कुणी कुणावर अन्याय केला असे मला म्हणावयाचे नाही. माझी तक्रार साहित्यिक आहे. तीनशे पाने आपण दोन माणसांची जुगलबंदी ऐकली आणि शेवटी प्रकाशझोत एकावरच पडला. इतका वेळ कच्चे काम उघडे ठेवणाऱ्या लेखकाने अखेरच्या प्रकरणांत गुरुजींची शिस्त पाळली. रेघेच्या अलीकडे सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिले आणि उत्तर होते पदक. पण या पुस्तकाचे उत्तर पदक असूच शकत नाही. ते ज्या प्रश्नाने सुरू झाले तो ‘मला पदक मिळेल का’ असा नव्हता, ‘विरलेली लाट परत येईल का’ असा होता.

पुस्तक 2012 साली थांबले. काळ थांबला नाही. आज मागे वळून पाहताना मला वाटते, खरा शेवट पुस्तकाबाहेर लिहिला गेला. व्हिलानी पॅरिसच्या आंरी प्वँकारे संस्थेचा 2009 ते 2017 पर्यंत संचालक होता. 2017 साली तो फ्रान्सच्या लोकसभेवर निवडून गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरकारसाठी त्याने 2018 साली अहवाल लिहिला, 2020 साली पॅरिसच्या महापौरपदासाठी स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभा राहिला आणि हरला, आणि 2022 च्या निवडणुकीत लोकसभेची जागा अवघ्या 19 मतांनी गमावून बसला. मधल्या काळात त्याच्या घराण्यात आणखी एक पदक आले. त्याच्या आणि लुइजी अँब्रोसिओ याच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टर झालेल्या अलेस्सिओ फिगाल्ली याला 2018 साली फील्ड्स पदक मिळाले. लिआँसला ते 1994 साली मिळाले होते. एकाच परंपरेत तीन पिढ्या, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि ते प्रमेय? त्याचे पुढे काय झाले ते मला सर्वांत भावले. 2016 साली त्याच प्रमेयाची एक नवी, अधिक सोपी सिद्धता प्रसिद्ध झाली. तिच्यावर तीन नावे आहेत : जेकब बेड्रोसियन, नादेर मसमूदी आणि क्लेमाँ मुओ. ज्या डोंगरावर चढावयास 173 पाने लागली होती, त्यावर जाणारी जवळची वाट सापडली आणि ती शोधणाऱ्यांत पहिल्या चढाईतला तो शिष्य होता. हाती पदक नसलेला मुओ त्याच प्रश्नापाशी परत बसला होता. आपल्या जुन्या सिद्धतेवर समाधान मानून तो थांबला नाही, तिच्यातले जड ते त्याने टाकून दिले. ‘जिवंत प्रमेय’ हे नाव व्हिलानीने दिले तेव्हा त्याच्या मनात त्याचा जन्म होता. पण जिवंत वस्तूचा जन्म हा पहिलाच दिवस. ती पुढे वाढते, सडपातळ होते, जन्मदात्याला सोडून दुसऱ्याच्या अंगणात खेळू लागते. पुस्तकाचे नाव लेखकाच्या कल्पनेपेक्षाही खरे ठरले.

म्हणून या पुस्तकाविषयीचे माझे मत असे. ग्रंथ म्हणून ते सदोष आहे. घाईचे आहे, आत्मगौरवाकडे झुकलेले आहे, शेवटी आपलाच सूर विसरलेले आहे. तरीही ते आपल्या घरात असावे. गणित करणारा माणूस चुकतो, दिवसचे दिवस चुकतो, चुकल्याची कबुली मित्राला लिहून कळवितो आणि मग बरोबर येतो, हे इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. घरात दहावीचे मूल असेल, तर त्याला प्रमेय शिकविण्यासाठी हे पुस्तक देऊ नका. त्यातली ती ईमेलची पत्रे तेवढी वाचून दाखवा. फ्रान्समधल्या एका मोठ्या गणितज्ञाने रात्री दीड वाजता आपल्या मित्राला ‘माझे चुकले’ असे लिहिले होते, एवढे त्याला कळले तरी पुरे.

आणि हा अंक हातावेगळा करून आपण मुलांच्या वह्या चाळावयास बसाल, तेव्हा उजव्या अंगाच्या त्या अरुंद पट्टीकडे एकदा नजर टाका. ती पुसलेली असेल, तर मुलाला विचारा, काय होते इथे? त्याने सांगितलेच, तर रागावू नका. गणित तिथेच घडले असेल.